नव्या पुस्तकातला जुना धडा

छत्रीची मूठ दाराच्या चौकटीवर दोनदा वाजायची. टक, टक. मग बाहेरूनच आवाज यायचा, "कानाला कळू दे की रं! नुसत्या डोळ्यानं काय वाचतोस? डोळं काय बोलत्यात व्हय?"

आतलं पोरगं दचकून आवाज चढवायचं. छत्री पुढच्या दाराकडं निघायची.

दिवेलागणीला आमच्या गल्लीत हे रोज चालायचं. परंड्यापासून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव, चौथीपर्यंतची दोन खोल्यांची शाळा आणि शिक्षक दोनच. एक हे गुरुजी, दुसरी मी. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मुख्याध्यापकही तेच. त्यांचा नियम असा, की घरात दिवा लागला की पोरानं उंबऱ्याजवळ बसून मोठ्यानं वाचायचं. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज पढून गुरुजी निघत आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत घराघराचा आवाज ऐकत जात. रोज्यांच्या महिन्यातही फेरी चुकायची नाही. एक खजूर तोंडात, एक खिशात, की निघाले.

नाव मुद्दाम सांगत नाही. गावानं तरी त्यांचं नाव कुठं घेतलं? सगळ्यांचे ते गुरुजी.

आवाजावरून त्यांना काय कळत नसे ते विचारा. एकदा एका दारात थांबले आणि आतल्या बाईला म्हणाले, "पोरगं आज जेवलं न्हाय का?"

"न्हाय गुर्जी. रुसून बसलंय सकाळपासनं."

"आधी भाकर द्या त्याला. जोडाक्षरावर दम तुटायलाय त्याचा."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल कुठंतरी, ज्याचं सगळं शहाणपण एकाच जागी साठलेलं असतं. गुरुजींचं कानात होतं. त्यांची स्वतःची शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली. घरात दख्खनी, शाळेत उर्दू आणि मराठी फक्त बाजारात. "मराठी मी भिंतीपल्याडनं शिकलो, बाई," ते मला सांगायचे. "शेजारची म्हातारी पोथी वाचायची. म्या भिंतीला कान लावून बसायचो. अक्षरं लई उशिरा आली. तवापासनं माझा भरवसा कानावर."

आता माझं सांगते. मी एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अध्यापक विद्यालयातून मी नुकतीच बाहेर पडले होते. दोन वेण्या, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ आणि एक दोनशे पानी वही. मूल कसं शिकतं, ते सगळं त्या वहीत होतं. मूल तेवढं मी जवळून पाहिलेलं नव्हतं. वहीत लाल शाईनं खूण केलेली एक ओळ होती. मोठ्यानं वाचणारं मूल आवाज काढतं, मनात वाचणारं मूल अर्थ काढतं. पहिल्याच आठवड्यात ती ओळ मी गुरुजींना ऐकवली, मान जरा वर करून.

"झकास हाय," गुरुजी म्हणाले. "जरा मोठ्यानं म्हणा की पुन्यांदा."

मी म्हटली. ते थट्टा करताहेत, हे मला खोलीवर गेल्यावर कळलं. म्हणजे चार तासांनी.

पण माझं कौतुकही ते फार करत. "बाई, तुमचं अक्षर म्हंजे मोती. मस्टर तुमीच भरत जा. तालुक्याचे कागद आले की तुमीच वाचून दाखवा, तुमचा उच्चार लई साफ हाय." मी फुगले. आईला पत्र लिहिलं, की इथले मुख्याध्यापक माझ्यावर फार विसंबून आहेत.

विसंबून होते, हे खरंच होतं. पण कशासाठी, ते ओळखायला मला दीड वर्ष लागलं. ते हजेरी घेताना मस्टर उघडत नसत, नावं तोंडपाठ म्हणत. "हजर" कुठून आलं तिकडं मान वळवत. पायरी उतरताना आधी छत्री उतरे, मग पाय. हे सगळं मी रोज बघत होते. तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं.

दुसरीत ठकू नावाची पोर होती. धनगराची. शाळा सुटली की बापाबरोबर माळावर शेळ्यांमागं. शेळ्यांना हाका घालून घालून कमावलेला आवाज. ती वाचायला लागली की पत्र्यावरच्या चिमण्या उडायच्या. गुरुजी खूश. "आख्ख्या शाळंत वाचणारी ही एकच," म्हणायचे, "बाकी समदी पुटपुटत्यात." ठकू मग आणखी आवाज चढवायची. घरी तिला कुणी वा म्हटल्याचं मला तरी माहीत नाही. वा मिळायची ती त्या खोलीतच.

माझ्या दुसऱ्या वर्षी पुस्तकं बदलली. परंड्याहून गठ्ठा मीच एसटीच्या टपावर टाकून आणला. गुरुजींनी वरचं एक पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून तळवा फिरवला, वास घेतला.

"कागद चांगला हाय," म्हणाले आणि खाली ठेवलं.

दुसरीच्या जुन्या पुस्तकात पहिला धडा बंडूच्या बैलाचा होता. नव्या पुस्तकात त्या जागी सायकलवरचा पोस्टमन आला होता. चार-पाच दिवसांनी मी खडू घ्यायला म्हणून गुरुजींच्या खोलीच्या खिडकीजवळून चालले होते, तर आतून ठकूचा खणखणीत आवाज, "बंडूचा बैल पांढरा. बंडू बैलाला चारा घालतो. बैल मान हलवतो."

मी थांबले. ठकूच्या हातात नवं कोरं पुस्तक. पान पोस्टमनचं. बोट ओळींवरून शिस्तीत सरकतंय. पोस्टमनच्या टोपीपाशी बैलानं मान हलवली, सायकलच्या चाकापाशी बंडूनं चारा घातला. तिच्यामागून आख्खी दुसरी तेच म्हणत होती. एकोणीस नवी पुस्तकं, एकोणीस पोस्टमन आणि एकोणीस तोंडांतून एकच बैल. पहिलीत असताना याच खोलीत बसून वर्षभर दुसरीचे धडे पोरांच्या कानावर पडलेले. शब्दन् शब्द पाठ. ठकूनं तर पानही उलटलं, जुन्या पुस्तकात जिथं उलटायचं बरोबर तिथंच.

आणि गुरुजी मान डोलवत होते. "वा बेटी, वा."

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. सापडले! मी तशीच आत गेले.

"गुरुजी, हे पुस्तकात नाही."

"काय न्हाय?"

"बैल."

वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी ठकूचं पुस्तक मागून घेतलं. डोळ्यांजवळ धरलं, लांब नेलं, उजवीकडं तिरकं केलं. मग माझ्याकडं देत अगदी हळू विचारलं, "मग काय हाय, बाई?"

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. "काचबिंदू हाय," ते म्हणाले. "सोलापूरला दाखवलं. नस वाळली म्हणाले, आता इलाज न्हाय. उजेड कळतो. समोर माणूस उभा हाय का न्हाय, एवढं कळतं. अक्षर जाऊन तीन वर्सं झाली."

"कुणाला माहीत आहे?"

"बायकोला हुतं. ती गेली. आता तुमाला."

त्यांच्या नोकरीचं सव्वा वर्ष उरलं होतं. हातातली छत्री दोन्ही तळव्यांत फिरवत ते म्हणाले, "तेवढं हिथं काढू द्या, बाई. ही खोली गेली तर मला कुठं काय ऐकू येणार हाय?"

आणि मी काय केलं? मी अट घातली.

कुणाला सांगणार नाही म्हटलं, पण तुमच्या वर्गात रोज एक तास, म्हणजे चाळीस मिनिटं, मौन वाचन झालं पाहिजे. कुणी तोंड उघडायचं नाही. घरीही मनातच वाचायचं. मग पोरं अक्षरं बघतील, पाठ म्हणणार नाहीत. गुरुजींनी हातातली छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. तुमी शिकून आलाय."

सांगायचं तर मी बरोबर होते. निम्मी. निम्मं बरोबर असलेल्या माणसाचा त्रास पुरता चुकलेल्या माणसापेक्षा जास्त होतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

आठ दिवसांत गल्ली गप्प झाली. याआधी मी खोलीत स्टोव्हवर पिठलं हलवत असले की सात घरांतून सात धडे ऐकू यायचे. कुठं कोल्हा, कुठं राजा, कुठं नदीचं पाणी. घरापासून लांब, नोकरीचं पहिलं गाव. पण त्या कालव्यात मला एकटं वाटायचं नाही. आता स्टोव्हची फुरफुर तेवढी. तो बंद केला की खोली खायला उठायची. मी मुद्दाम भांडी आपटायला लागले.

गुरुजींची फेरी चालूच होती. छत्री मात्र वाजत नव्हती. एका संध्याकाळी मी दारातून बघत होते. ते एका घरापुढं थांबले. आत कंदील होता, कंदिलापुढं पोर होतं, पोरापुढं पुस्तकही होतं. गुरुजींनी जरा वाट पाहिली आणि पुढं गेले. त्यापुढचं घर त्यांना लागलंच नाही. ते ओलांडून ते सरळ एका गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तिथं कान देऊन ऐकत राहिले. आत म्हैस रवंथ करत होती. आवाजांवरून त्यांना घरं कळायची. आवाज गेले, तशी घरंही जागची हलली.

मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणायला हवं होतं. मी दार लोटून घेतलं.

मग गावात पहिला ट्रॅक्टर आला. हार घातलेला, समोर बँडवाले. माझी तिसरी-चौथी मी सोडून दिली. खरं सांगायचं तर मलाच बघायचा होता. बघून, हात लावून, अर्ध्या तासानं परत आले. गुरुजींच्या खोलीत सामसूम होती. मला वाटलं, वा, काय मौन वाचन चाललंय!

दारातून डोकावले. पहिली आधीच सुटलेली, दुसरीचाच तास होता. तरटपट्टीवर पुस्तकं उघडी पडली होती. दप्तरं होती, एका पोराची टोपी होती. पोर एकही नव्हतं. एकेक करून सटकलं होतं सगळं, मागच्या दारानं. आणि गुरुजी खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, तोंड त्या रिकाम्या पट्ट्यांकडं.

मी तिथंच उभी. जावं की राहावं कळेना. चपला काढल्या, आत गेले, ठकूच्या जागेवर मांडी घातली आणि तिचं पुस्तक उचलून मोठ्यानं वाचायला लागले. "पोस्टमन आला. सायकलची घंटी वाजली." दोन ओळी झाल्या.

"एकोणीस जोडी पाय," गुरुजी म्हणाले. "पहिला गेला तवाच कळलं मला."

"मग हाक का नाही मारली, गुरुजी?"

"चाळीस मिनिटं तोंड उघडायचं न्हाय, ही तुमची अट. पोरांनी मोडली. म्या कशी मोडू?"

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. ते खरंच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजत बसले होते.

"वाचा की पुढं," ते म्हणाले. मी धडा पुरा केला. मग त्यांनी विचारलं, "चित्रात सायकल कंच्या रंगाची हाय?"

"लाल."

"चांगली हाय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी बैल धरला त्या दिवसापासनं मला झोप न्हाय. ठकूला म्या वा म्हणलं. वर्षभर म्हणलं. आणि पोरीला एक अक्षर येत न्हाय. माझ्या कानानं मला फसवलं, बाई. आवाज मोठा म्हंजे वाचन मोठं, असं धरून चाललो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नोकरी सोडण्याचा अर्ज लिहायला बसवलं. तालुक्याच्या साहेबांना. मी शहाणपणानं लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव.

"काय लिवलं? वाचा."

वाचलं.

"तसं नगं. दिसत न्हाय म्हणून, असं लिवा. त्यामुळं पोरांचं नुकसान झालं, हे बी लिवा."

"गुरुजी, सव्वा वर्षाचा तर प्रश्न आहे. मी कुणाला सांगणार नाही. अटही नाही आता माझी."

"सव्वा वर्सात ही एकोणीस पोरं तिसरीत जातील, बाई," ते म्हणाले. "बैल घिऊन."

मी लिहिलं. माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला तो सगळ्यात वाईट कागद.

कागदांना तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून परत यायला तीन महिने लागले. तेवढ्यात गुरुजींनी अट घातली. आता पाळी त्यांची होती. रोज शाळा सुटल्यावर तासभर मी दुसरीला वाचायला शिकवायचं. बोट अक्षराखाली, नजर बोटावर, हे माझं. पण तोंडानं, मोठ्यानं, हे त्यांचं. ते कोपऱ्यात बसून ऐकणार. "तुमी डोळं बघा, म्या कान बघतो," म्हणाले.

बाकीची पोरं हळूहळू लागली मार्गाला. ठकूचं मात्र अवघड झालं. जिच्या आवाजानं चिमण्या उडायच्या ती आता "पो... पो..." करत अडायला लागली. पोरं हसायची. "ठके, बैल कुठं गेला गं?" चौथ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. शेळ्यांमागं दिवसभर जाते म्हणून कळलं.

एका दुपारी गुरुजी छत्री घेऊन माळाच्या वाटेला लागले. मी मागून निघाले, तर हातानंच मला थांबवलं. मी बाभळीआड थांबून ऐकलं. ठकू दगडावर बसली होती. गुरुजी थोडं पुढं जाऊन मोठ्यानं म्हणाले, "कोन हाय का हितं? मी वाट चुकलो."

"म्या हाय. ठकू."

"बरं झालं बाई. शाळंपत्तोर सोडतीस का?"

"गुर्जी, शाळा दिसती की हितनं. ती काय."

"तुला दिसती गं."

ठकू विचारात पडली. मग तिनं छत्रीचं टोक धरलं आणि पुढं चालायला लागली, मागून मूठ धरून गुरुजी आणि त्यांच्यामागं दोन शेळ्या. जाताना ते मला ओलांडून गेले. एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. शाळेत आल्यावर ठकूनं विचारलं, "आता जाऊ?" गुरुजी म्हणाले, "संध्याकाळी घरी कोन सोडंल मला?" म्हणून ती बसली. बसली ती रोज बसली.

पुढचं क्रमानं सांगत नाही. शेवटचा भाग आधी उरकते आणि त्याआधीचा दिवस मागं ठेवते. म्हातारीला एवढी लबाडी माफ असावी.

गुरुजी सोलापूरला मुलाकडं गेले. वर्षभरानं एक कार्ड आलं, अक्षर सुनेचं असावं. हिथं समद्यांच्या घरी रेडिओच वाचतो, पोरं वाचत न्हाईत, असं होतं त्यात. आणि खाली, एकदा या, काहीतरी वाचून दाखवा. मी दर दिवाळीला ठरवलं. मग माझं लग्न, मग मुरुमला बदली, मग बाळंतपणं. सोलापूर काही विलायतेत नव्हतं. एका वर्षी कुर्डुवाडीच्या स्टँडवर त्यांच्या नात्यातला एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की गुरुजी जाऊन चार महिने झाले. मी हातातली पुस्तकाची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

आता मी धाराशिवला एकटी असते. हे गेले, मुलगा पुण्याला. इमारतीत आठ घरं आहेत, पाच घरांत शिकणारी पोरं आहेत आणि संध्याकाळी जिन्यात टाचणी पडली तर ऐकू येईल. शेजारच्या पोराचा फोनच त्याला धडा वाचून दाखवतो, कानातल्या बोंडांत. मी त्याला विचारलं, "काय म्हणतो रे तुझा फोन?" तो म्हणाला, "अं?"

माझी नात उमरग्याला शिक्षिका आहे. परवा तिचा फोन आला. "आजी, प्रशिक्षणात गटचर्चा आहे. शिकवण्याच्या जुन्या पद्धती काळाप्रमाणे बदलाव्यात का? दोन्ही बाजूंचे मुद्दे सांग ना."

"बदलाव्यात," मी म्हटलं.

"आणि दुसरी बाजू?"

"ज्याची मोडतेय त्याच्याकडं एकदा नीट बघून बदलाव्यात."

"आजी, हा मुद्दा होत नाही गं."

नसेल होत. तिनं फोन ठेवल्यावर मी पोस्टमनचा धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिला, एकटीच, स्वयंपाकघरात. पाठ आहे अजून.

तर तो मागं ठेवलेला दिवस. गुरुजी जायला निघाले तेव्हा परंड्याच्या स्टँडपर्यंत पोचवायला मी गेले आणि बापाला विचारून ठकूला बरोबर घेतलं. एक ट्रंक, एक वळकटी. कुर्डुवाडीची गाडी, तिथून पुढं रेल्वे. गुरुजी बाकावर बसले. ठकू त्यांच्या शेजारी पाय हलवत, बोलत काही नव्हती. ती एरवीही फार बोलायची नाही. वाचनापुरताच तिचा आवाज.

धूळ उडवत एक गाडी आली. लोक उठले, पिशव्या उचलल्या गेल्या. "आली, आली," कुणीतरी ओरडलं. मीही ट्रंक उचलली. "चला गुरुजी, आली तुमची गाडी."

गुरुजी उठले. ठकू उठली नाही. ती गाडीच्या पाटीकडं बघत होती, बोट हवेत धरून.

"बा..." ती म्हणाली. "बार... बार्शी."

मी पाटी पाहिली. बार्शीच होती. मी न वाचताच गाडी आली म्हटलं होतं. दोन वर्षं नोकरी झालेली, प्रशिक्षण घेतलेली बाई मी. लोकांनी म्हटलं म्हणून म्हटलं.

गुरुजी उभेच होते. "काय म्हणालीस?"

"ही बार्शीला जाती, गुर्जी. बाई चुकल्या."

गुरुजी खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. "बाई चुकल्या," ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी त्यांनी वा म्हटलं नाही. हात मात्र बराच वेळ ठेवला.

कुर्डुवाडीची गाडी यायला तासभर लागला. तोवर ठकूनं स्टँडवरचं सगळं वाचलं. चहाच्या टपरीचा फळा, बी-बियाणांची जाहिरात, भिंतीवरची सूचना. आधी अडखळत, मग सरळ, मग आपल्या माळावरच्या आवाजात, की चहावाला कपबशी हातात धरून बघत राहिला. "परंडा" हा शब्द तर तिला सात ठिकाणी सापडला आणि सातव्यांदा तिनं तो एका दमात म्हटला.

मग गाडी आली. मी काही बोलले नाही. गुरुजींनी विचारलं, "कंची गं?"

ठकू पाटीसमोर जाऊन उभी राहिली. "प," ती म्हणाली. थांबली. "रं." बोट तिथंच. लोक चढत होते. मी ट्रंक आत सरकवली, वळकटी दिली. "डा." कंडक्टरनं घंटी मारली. ठकू पुढच्या शब्दाकडं बघत होती, ओठ मिटून, जणू असं अक्षर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारली. गुरुजी पायरीवर एक पाय ठेवून, दांडी धरून उभे होते. "बाबा, चढताय का?" कंडक्टर ओरडला.

"थांब की," गुरुजी म्हणाले. "पोरगी वाचायलीय."

आणि ठकू वाचत राहिली. इतक्या सावकाश वाचलेला शब्द मी पुढं पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी ऐकला नाही.